दहावा मित्र

निरीक्षकांना माणसांची किळस फार लवकर यायची. स्वभाव म्हणा, नाहीतर चौतीस वर्षांच्या नोकरीनं लावलेली खोड म्हणा. वजनमापे खात्यात होते ते. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडायचे, पारड्याच्या पोटाला चिकटवलेला मेणाचा गोळा नखानं खरवडून दुकानदाराच्या तळहातावर ठेवायचे आणि बाहेर येऊन स्वतःचे हात खसखसून धुवायचे. ऑफिसातले लोक हसायचे. हसोत बापडे. किलोमागे वीस ग्रॅम मारणाऱ्या माणसाच्या दुकानातलं पाणीसुद्धा निरीक्षकांच्या घशाखाली उतरत नसे.

निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी किडन्यांनी हात टेकले. मग जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासणारा हा माणूस आठवड्यातून तीन सकाळी स्वतःच काट्यावर उभा राहायला लागला. डायलिसिसच्या आधी वजन, डायलिसिसनंतर वजन. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळायचं आणि तेवढं मशीन काढून घ्यायचं. पहिल्याच सकाळी त्यांनी सिस्टरना सुनावलं, "तुमचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय." माणूस बोलावून काटा तपासून घेतला, तर खरंच दाखवत होता. त्या दिवसापासून तिथे सगळे त्यांना साहेब म्हणू लागले.

हॉल रुग्णालयाच्या तळमजल्यावर होता. पाच-पाचच्या दोन ओळींत दहा खुर्च्या. खुर्च्या म्हणजे मागे रेलणारे पलंगच म्हणा ना. प्रत्येकाच्या उशाशी मशीन. डाव्या हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर जाणार, दुसरीतून धुऊन परत येणार. चार तास डावा हात हलवायचा नाही. उजवा मोकळा.

सिस्टर दोन, टेक्निशियन एक, आणि माणसं दहा. मशीन दर अर्ध्या तासानं बीपी मोजायचं, पण बीपी काही घड्याळ बघून घसरत नाही. आणि घसरायला लागलं की ज्याचं घसरतं त्यालाच पत्ता नसतो; त्याला वाटतं, काय छान झोप येतेय. म्हणून मोठ्या सिस्टरनी फार पूर्वी एक पद्धत लावून दिली होती. तिला तिथे 'शेजार राखणं' म्हणत. तुमच्या उजव्या हाताला जो असेल त्याच्यावर तुमची नजर. त्याच्याशी बोलत राहायचं, त्याचं लक्षण ओळखून ठेवायचं, आणि ते दिसलं की बेल दाबायची. समोरच्या ओळीतल्या बस ड्रायव्हरच्या नाकाच्या शेंड्यावर घाम फुटायचा. निरीक्षकांना जांभया यायच्या. एक साधी, दुसरीही साधी, पण पाठोपाठ तिसरी आली की साहेब निघाले असं समजायचं.

हा तीन जांभयांचा शोध मास्तरांचा. मास्तर म्हणजे निरीक्षकांच्या शेजारच्या खुर्चीतले टेलरमास्तर. साठीचे, किडकिडीत, बोटांना सतत काहीतरी चाळा लागणारे. सुयांमुळे डावा हात दुबळा झाला, कापड ताणून धरवेना, तसं चार वर्षांपूर्वी दुकान बंद करावं लागलं. पण नजर तीच राहिली होती. माणूस दारातून आत आला की कमरेचं माप तोंडावर. "साहेब, या खेपेला दीड किलो पाणी जास्त आहे अंगात, पट्टा एक भोक पुढे गेलाय," असं ते काट्याच्या आधी सांगायचे आणि काटा त्यांचंच म्हणणं खरं करायचा. तीन वर्षांत या माणसानं निरीक्षकांना चार वेळा परत आणलं होतं. चार वेळा. निरीक्षकांना बायको नव्हती, लेक नोकरीला जायची, सकाळी ती गेटपाशी सोडायची आणि दुपारी न्यायला यायची. मधले चार तास त्यांचा जीव मास्तरांच्या डोळ्यांवर टांगलेला असायचा, आणि त्यात त्यांना कधी भीती वाटली नव्हती.

मग मास्तरांच्या मुलानं बापाला नवा मोबाइल घेऊन दिला आणि घात झाला.

त्या मोबाइलवर कुठल्याशा बँकेनं मास्तरांना गाठलं. क्रेडिट कार्ड घ्या. घेतलं. आता तुमच्या मित्रांना घ्यायला लावा. प्रत्येक मित्रामागे पॉइंट, पाच मित्र झाले की मिक्सर, दहा झाले की वॉशिंग मशीन. मास्तरांच्या पडद्यावर 'तुमचे मित्र' असं लिहून खाली दहा गोल दिले होते. एकेक मित्र गळाला लागला की एकेक गोल हिरवा व्हायचा. फक्त एक अट होती, नव्वद दिवसांच्या आत मित्रानं ते कार्ड एकदा तरी वापरायला हवं.

पहिला गोल टेक्निशियनचा. दुसरा धाकट्या सिस्टरचा. तिसरा ड्रायव्हरचा, त्याला तर सुया टोचलेल्या असतानाच धरला, पळून जातो कुठे. "नाही म्हणायला काय लागतं?" असं निरीक्षकांनी ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, चार तास कानाशी भुणभुण चालली होती. सही घेतली तेव्हा कुठे झोपलो."

मिक्सर आला. मास्तरांनी त्याचा फोटो अख्ख्या हॉलला दाखवला. "चार वर्षांत माझ्या हातानं कमावलेली पहिली वस्तू आहे," म्हणाले, आणि डोळे पुसले. तेव्हा निरीक्षकही मनापासून शाब्बास म्हणाले होते, खोटं कशाला बोला.

पण मिक्सरनं माणूस बिघडला. आधी मास्तर गिऱ्हाइकांचे किस्से सांगायचे, लग्नाच्या आदल्या दिवशी पोट सुटलेल्या नवरदेवाच्या कोटाची गोष्ट तर निरीक्षकांनी वीस वेळा ऐकली होती आणि वीसही वेळा हसले होते. आता त्या तोंडातून एकच गाणं. कोण नवीन भरती झालं, कोणाला पेन्शन आहे, कोणाच्या जावयाची नोकरी पक्की आहे. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि ओठ ओले करायचे. ते ओले ओठ बघून निरीक्षकांना किळस यायची.

एक दिवस पाळी त्यांची आली.

"साहेब, तुम्ही मला मित्र मानता ना?"

"मानतो. पण कार्ड घेत नाही."

"घेऊ नका! फक्त फॉर्म बघू, तुम्हाला देतात तरी का. गंमत म्हणून." आणि मास्तरांनी मोकळा हात लांब करून निरीक्षकांच्या खुर्चीला लटकवलेली फाइल ओढली. ओळखपत्राची झेरॉक्स पहिल्याच पानाला टाचलेली होती. जन्मतारीख, पत्ता, पेन्शनचा आकडा, सगळं एका अंगठ्यानं भराभर टिपून घेतलं. "झालं. आता तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

निरीक्षकांनी मोबाइल बंद केला आणि उशीखाली सारला. "फाइल जागेवर ठेवा मास्तर."

"बरं बरं, रागावू नका. अर्धा फॉर्म सेव्ह राहतो इथे. मन बदललं की सांगा."

एवढ्यावर भागलं असतं तर निरीक्षकांनी गिळून टाकलं असतं. पण पुढच्याच महिन्यात चार नंबरच्या खुर्चीतले काका गेले. घरीच, झोपेत गेले. दोन दिवसांनी काकू त्यांची उशी आणि शाल न्यायला आल्या. मास्तर त्यांना म्हणाले, "वहिनी, या, बसा," आणि खरोखर रडले. अश्रू खोटे नव्हते. निरीक्षकांना खोटं वजन कळतं, ते खोटे नव्हते. मग मास्तरांनी बाहीनं नाक पुसलं आणि त्याच आवाजात विचारलं, "त्यांचं कार्ड घरी आलं होतं ना हो? वापरलं होतं का त्यांनी एकदा तरी?"

काकूंना कळेचना. "कसलं कार्ड?"

"राहू द्या, ते आता बाद झालं. पण तुमच्या नावानं निघेल. तुम्हाला पेन्शन सुरू होईल ना आता, त्याच्यावर..."

निरीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकू दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी दातांवर दात दाबून धरले, आणि मग म्हणाले, "मास्तर, तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो? प्रेताच्या खिशात हात घालताय!"

"मला काय वाईट वाटलं नाही? रडलो मी साहेब, तुमच्यादेखत." मास्तर दुखावले होते. "पण मला सांगा, गेल्या आठवड्यात एक चहा घेतला असता त्यांनी त्या कार्डावर तर काय बिघडत होतं? रोज सांगत होतो, काका वापरा, काका वापरा. वापरायच्या आत माणूस गेला की बँक धरत नाही. नवाचे आठ झाले माझे."

नवाचे आठ! निरीक्षकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. याच तोंडानं हा माणूस त्यांना 'अहो साहेब, झोपू नका' म्हणत होता, आणि याच डोळ्यांवर विसंबून ते तीन वर्षं निवांत पडले होते.

सुया काढल्यावर ते थेट मोठ्या सिस्टरकडे गेले. "माझी खुर्ची बदला."

मोठ्या सिस्टर नोंदवहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली. "रिकामी एकच आहे, चार नंबर. तिच्यावर नजर ड्रायव्हरची. तो सुई लागली की घोरायला लागतो. काकांना मी स्वतः येऊन-जाऊन बघायचे. तुमचं तसं चालणार नाही, तुम्ही दोन मिनिटांत खाली जाता." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "मास्तरांची कटकट आहे, मला ठाऊक आहे. माझ्याही मागे लागलेत. पण साहेब, त्यांच्यासारखा शेजार अख्ख्या हॉलमध्ये नाही. रागाच्या भरात जीव धोक्यात घालू नका."

निरीक्षक निमूटपणे परतले. पण बोलणं तोडलं. खुर्चीत बसले की डोळे छताकडे. मास्तर एकदोनदा म्हणाले, "साहेब, तो कोटवाला नवरदेव आठवतो का?" तिसऱ्या दिवशी मास्तरांनीही नाद सोडला आणि पलीकडच्या बाजूला वळून अँब्युलन्सच्या चालकाला धरलं, तो पेशंट आणून सोडला की गप्पा मारायला थांबायचा. आठाचे पुन्हा नऊ झाले. निरीक्षकांना आता फक्त मास्तरांची पाठ दिसायची, आणि मानेवरचा तो हाडाचा उंचवटा. मनात घाणही वाटायची आणि भीतीही. हा आता बघतोय का आपल्याकडे? की ओटीपी बघतोय?

तो दिवस बुधवार होता. अंगात पाणी फार साठलं होतं, मशीन जोरात ओढत होतं. साडेअकरा झाले असतील. निरीक्षकांना छताचा पंखा मागेपुढे होतोय असं वाटलं, मग फार बरं वाटलं, कोणीतरी अंगावर गरम पांघरूण घालावं तसं. जांभई आली. आपल्याला जांभई आली हे त्यांना कळलं, आणि त्याचं काहीतरी करायला हवं हेही कळलं, पण काय ते आठवेना.

पुढचं काही आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा पाय वर केलेले होते, सलाइन धडाधड आत जात होतं आणि उशाशी लेक उभी होती, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. तिचा चेहरा पांढराफटक. मोठ्या सिस्टर घाम पुसत म्हणाल्या, "या वेळी फार खोल गेला होतात साहेब. दुसऱ्याच जांभईला बेल वाजली म्हणून आहात. तिसरीची वाट बघितली असती मास्तरांनी तर..."

म्हणजे तो बघत होता. पाठ फिरवलेली असतानाही बघत होता.

लेकीनं मास्तरांचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला. "काका, तुमचे उपकार कसे फेडू? आणि फोनही तुम्हीच केलात."

"सिस्टरांचे हात गुंतलेले होते. त्यांनी तुझ्या बाबांचा मोबाइल माझ्याकडे टाकला, मुलीला लावा म्हणाल्या," मास्तर पुटपुटले. "बेल वाजवल्या वाजवल्या तुलाच लावला, पोरी."

निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण काय काय मनात आणलं या माणसाबद्दल! महिनाभर तोंड फिरवून बसलो. ओठ ओले करतो म्हणे. अरे, कोणाचे नसतात? ते मोठ्या कष्टानं म्हणाले, "मास्तर, मी फार तोडून वागलो. माफ करा."

"सोडा हो साहेब," मास्तर म्हणाले. पण त्यांनी वर पाहिलं नाही. निरीक्षकांना वाटलं, संकोचले बिचारे.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस फार गोडीत गेले. नवरदेवाचा कोट एकविसाव्यांदा शिवून झाला. आणि मग एका दुपारी घरी कुरिअर आलं. लेकीनं पाकीट फोडलं. आत चकचकीत पत्र, पत्राला चिकटवलेलं कार्ड, कार्डावर निरीक्षकांचं पूर्ण नाव. 'आपल्या जिवलग मित्राच्या शिफारशीवरून आम्ही आपले स्वागत करीत आहोत.' खाली अर्जाची तारीख होती. तो बुधवार.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या दिवशी कधी...?"

निरीक्षकांनी मोबाइल मागितला. चष्मा लावला. चौतीस वर्षांची सवय, पुरावा हातात आल्याशिवाय ओरडायचं नाही. बँकेचा ओटीपी आला होता अकरा वाजून शेहेचाळीस मिनिटांनी. लेकीला फोन गेला होता अकरा बावन्नला. त्यांनी दोनदा बघितलं, मग लेकीच्या मोबाइलवर पडताळून पाहिलं. बावन्नच.

सहा मिनिटं.

ते पडले होते, तोंडाला फेस होता, सिस्टर त्यांचे पाय उचलून धरत होत्या, आणि शेजारी तो माणूस एका हातानं दोन मोबाइल सांभाळत अर्धा फॉर्म पुरा करत होता. आकडे चुकू नयेत म्हणून ओठ हलवत वाचले असतील. मग गोल हिरवा झाला का तेही बघितलं असेल. आणि मग लेकीला फोन.

निरीक्षक उठले, मोरीत गेले आणि हात धुतले. पुन्हा धुतले. तोंड धुतलं. तरी जाईना. "मी आत्ताच्या आत्ता बँकेत तक्रार करते," लेक बाहेरून म्हणत होती. "थांब," ते म्हणाले, "आधी मला त्याच्या तोंडावर फेकू दे."

शुक्रवारी ते पाकीट शर्टाच्या खिशात घालून गेले. वजन झालं, सुया लागल्या, सिस्टर लांब गेल्या. निरीक्षकांनी पाकीट काढून मास्तरांच्या मांडीवर टाकलं.

मास्तरांनी ते उघडून बघितलंही नाही. "आलं वाटतं," म्हणाले.

"सहा मिनिटं लागली तुम्हाला."

"नेटवर्क नव्हतं," मास्तर म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. "साहेब, बेल मी आधी वाजवली. देवाशपथ आधी वाजवली. तुम्ही हातचे गेलात असं वाटलं मला. आणि मोबाइल हातात होता. नवावर अडकलो होतो. रात्री सुयांच्या जागा पाझरतात, माझ्या रक्ताच्या चादरी सून हातानं धुते हो रोज. काही बोलत नाही, तोंड फिरवून धुते. मला बघवत नाही."

दया यायला हवी होती. निरीक्षकांनी ती येतेय का याची वाट बघितली. आली नाही. त्यांना फक्त ते ओठ दिसत होते.

"मी गेलो असतो तर?" त्यांनी विचारलं.

"असं कसं बोलता?"

"नाही, हिशेब विचारतोय. मी गेलो असतो तर गोल पुसला गेला असता ना? चार नंबरच्या काकांसारखा?"

मास्तरांनी पाकीट उचललं, त्याच्यावरची सुरकुती बोटानं सरळ केली आणि हळूच निरीक्षकांच्या उशीपाशी ठेवलं. "एकदा वापरा साहेब. बाहेर कँटीनमध्ये साधा चहा घ्या. मग कापून टाका, जाळा, मला शिव्या द्या. नव्वद दिवस आहेत."

निरीक्षक ओरडायला तोंड उघडणार, तोच त्यांना जांभई आली. साधी, रात्री झोप नीट न झाल्याची. पण मास्तर ताडकन सरळ झाले. बोट बेलवर, डोळे निरीक्षकांच्या चेहऱ्यावर खिळलेले. मांडीवरचा मोबाइल जमिनीवर पडला तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "बोला साहेब, बोला काहीतरी," ते घाबरून म्हणाले.

इतकं लक्ष त्यांनी तीन वर्षांत कधी दिलं नव्हतं.

निरीक्षक त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाकीट उचललं आणि परत खिशात घातलं. "वापरीन," ते म्हणाले, "सावकाश."

लेकीला त्यांनी सांगितलं, तक्रार नको. ती भडकली. "बाबा, तुम्ही? तुम्ही हे सोडून देताय?" त्यांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं, म्हाताऱ्या माणसाचं वॉशिंग मशीन कशाला अडवायचं. लेकीला वडिलांचा मोठेपणा वाटला, तिचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज निरीक्षकांना सहन झाला नाही, ते दुसऱ्या खोलीत गेले.

पुढचे अडीच महिने हॉलमध्ये त्यांच्याइतकं सुरक्षित कोणी नव्हतं. मास्तरांनी पलीकडे वळणं सोडलं. सिस्टरना सांगून निरीक्षकांच्या मशीनचा पडदा आपल्याला दिसेल असा फिरवून घेतला. "काल पाणी किती प्यालात?" असं सकाळी दारातच विचारायचे, बर्फाचा तुकडा जास्त चघळला तर रागवायचे. दोनदा बीपी घसरलं, दोन्ही वेळा पहिल्याच जांभईला बेल वाजली. आणि दर शुक्रवारी, अगदी लाजत, "साहेब, कँटीन उघडं आहे आज." निरीक्षक म्हणायचे, "आज पाकीट घरी राहिलं." नाहीतर, "आज सुटे पैसे आहेत हो." एकदा तर त्यांनी नुसतंच तोंड उघडून खोटी जांभई दिली, मास्तर किती वेळात हलतात ते बघायला. तराजूवर वजन ठेवून बघावं तसं. दोन सेकंदांत हलले. घामाघूम झालेल्या त्या माणसाकडे बघून निरीक्षकांना त्या दिवशी स्वतःचीच जी शिसारी आली, ती जेवणापर्यंत टिकली. पण पुढच्या शुक्रवारीही पाकीट घरीच राहिलं.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मात्र इलाज उरला नाही. मुदत संपू दिली तर मास्तर हात झटकून मोकळे होणार, आणि वापरलं तरीही मोकळे होणार. निदान सून तरी सुटेल. सकाळी आत जायच्या आधी निरीक्षकांनी कँटीनमध्ये एक चहा घेतला. दहा-बारा रुपयांच्या चहाला कार्ड बघून कँटीनवाल्यानं कपाळाला आठ्या घातल्या. निरीक्षकांनी दोन घोट घेतले आणि कप तसाच ठेवून दिला.

मास्तरांना मोबाइलवर कळलं ते सुया लागल्यावर. ते ओरडलेच. "दहा!" हॉलमध्ये टाळ्या पडल्या, झोपलेला ड्रायव्हरही जागा होऊन टाळ्या वाजवू लागला, मांडीवर एका हातानं. मास्तरांनी निरीक्षकांचा हात दाबला. "साहेब, तुम्ही देवमाणूस आहात," म्हणाले. मग मुलाला फोन केला, सुनेला केला. वॉशिंग मशीन किती किलोचं ते तिला दोनदा सांगितलं.

आणि मग ते पलीकडे वळले. तिथे या आठवड्यात एक शाळेच्या बाई नवीन आल्या होत्या, घाबरलेल्या, सुयांकडे टक लावून बघणाऱ्या. "घाबरू नका ताई," मास्तर त्यांना म्हणत होते. "होते सवय. तुम्हाला पगार कुठल्या बँकेत होतो?"

निरीक्षकांना त्यांची पाठ दिसत होती. मशीन जोरात ओढत होतं. दहा वाजले होते, अजून दोन तास होते. मोठ्या सिस्टर पलीकडच्या ओळीत कोणाची तरी सुई बसवत होत्या. निरीक्षकांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग दहा. मास्तर वळले नाहीत.

"मास्तर," त्यांनी हाक मारली. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना, इतका तो गोड निघाला. "दुसऱ्या एखाद्या बँकेचं नाही का हो असं काही? माझ्या नावानं?"

मास्तर झर्रकन वळले. त्यांनी निरीक्षकांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि ओठ ओले केले.